नेटी स्टीव्हन्स : लिंगनिश्चितीचा उलगडा

मुलगी झाली की आजही सुनेलाच बोल लावला जातो. हा दोष निराधार ठरवणारा पुरावा १९०५ मध्येच मिळाला होता, तोही पिठातल्या एका किड्यातून. तो शोधणाऱ्या नेटी स्टीव्हन्स यांचा जन्म १८६१ साली अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात झाला. अनेक वर्षे शाळेत शिकवून त्या पस्तिशीत स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखल झाल्या. १९०३ मध्ये ब्रिन मॉर कॉलेजातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढे पिठातील भुंगेऱ्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना मादीत २० मोठी गुणसूत्रे दिसली. नरात १९ मोठी आणि एक लहान. हे लहान गुणसूत्र निम्म्याच शुक्राणूंत असते; बीजांडे मात्र सगळी सारखी. म्हणजे नर की मादी, हे शुक्राणूवर ठरते.

माणसातही तसेच आहे. आईकडून एक्स गुणसूत्र येते, वडिलांकडून एक्स किंवा वाय. साधारण सहा आठवड्यांपर्यंत गर्भाच्या जननग्रंथी सारख्याच दिसतात. त्यानंतर वाय गुणसूत्रावरील एसआरवाय जनुकामुळे त्यांचे वृषणांत रूपांतर होऊ लागते. हे जनुक सापडले १९९० मध्ये. नेटी मात्र १९१२ मध्येच, वयाच्या ५० व्या वर्षी, स्तनाच्या कर्करोगाने गेल्या.