रंगांनी साथ सोडली, लोखंडाने नाव केलं : लक्ष्मणराव किर्लोस्कर

लोखंडी नांगर घातला की जमीन नासते, असं शेतकऱ्यांना वाटायचं. त्यामुळे बेळगावात बनलेले पहिले नांगर खपायला तब्बल दोन वर्षं लागली.

ते बनवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म १८६९ चा. मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, पण डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येईनात. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकले, व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली आणि त्यांनी नोकरीला रामराम ठोकला. बेळगावात भावासोबत सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग नांगर.

धंदा जमतोय तोच नगरपालिकेने जागा रिकामी करायला सांगितली. धावून आले साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी बिनव्याजी १०,००० रुपये कर्ज दिलं आणि कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंग-सापांनी भरलेला माळ दिला. १९१० मध्ये तिथे कारखाना आणि कामगारांची वसाहत उभी राहू लागली.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले.

१९५६ मध्ये लक्ष्मणराव गेले. सांगली जिल्ह्यातल्या त्या स्टेशनवर आज पाटी आहे, किर्लोस्करवाडी.