कॉर्डोव्हाचा अमीर अब्दुर् रहमान

साम्राज्यें उदयास येतात व लयास जातात, हें आपण इतिहासाच्या पुस्तकांत नेहमीं वाचतों. परंतु साम्राज्य कोसळतें त्या दिवशीं त्या राजकुळांतील एखाद्या तरुणावर कोणता प्रसंग गुदरतो, हें त्या पुस्तकांत क्वचितच आढळतें. म्हणून आम्ही आज आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींपुढें स्पेनचा अमीर अब्दुर् रहमान याचें चरित्र थोडक्यांत ठेवीत आहों.

इ. स. ६३२ मध्यें महंमद पैगंबरांचें निधन झालें. त्यानंतर शंभर वर्षें पुरीं होण्यापूर्वींच अरबांची सत्ता पूर्वेस सिंधपासून पश्चिमेस स्पेनपर्यंत पसरली. ६६१ पासून हें साम्राज्य उमय्या घराण्याच्या हातीं होतें. पवित्र शास्त्रांत ज्यास दिमिष्क म्हटलें आहे, तें दमास्कस शहर त्यांची राजधानी होय. परंतु खलिफा हिशाम ७४३ मध्यें वारल्यावर घरांतच भाऊबंदकी माजली. अरब टोळ्यांमधील जुनीं वैरें पेटलीं. नव्यानें मुसलमान झालेल्या इतर लोकांस अरबांच्या बरोबरीचा मान मिळत नसे, त्यामुळें तेही असंतुष्ट होते. या असंतोषाचा लाभ अब्बासी घराण्यानें घेतला. खुरासानांतून त्यांचीं काळीं निशाणें निघालीं, आणि ७५० मध्यें झाब नदीच्या कांठीं उमय्यांचा पुरता मोड झाला.

विजयी अब्बासींनीं पराभूत घराण्यांतील पुरुषांस शोधून शोधून ठार केलें. अभय देऊन मेजवानीस बोलाविलेल्या सुमारें ऐंशी जणांची कत्तल झाली, असें बखरकार सांगतात. अब्दुर् रहमान हा खलिफा हिशामचा नातू. त्याचा जन्म ७३१ मधला, म्हणजे या वेळीं तो अवघा १९ वर्षांचा होता. फरात नदीकांठच्या एका खेड्यांत तो लपला असतां काळीं निशाणें घेतलेले स्वार तेथें येऊन थडकले. त्यानें व त्याच्या तेरा वर्षांच्या भावानें नदींत उड्या टाकल्या. कांठावरून शिपाई अभयवचन देऊं लागले. धाकट्याचा धीर सुटला व तो मागें फिरला. थोरल्यानें पुष्कळ हाका मारल्या, पण व्यर्थ! तीरावर पोहोंचतांच त्या मुलाचा शिरच्छेद झाला. आणि तें दृश्य अब्दुर् रहमाननें पैलतीरावरून पाहिलें.

यापुढें सुमारें पांच वर्षें तो वणवण भटकत होता. पॅलेस्टाइन, मिसर व उत्तर आफ्रिका या मुलुखांत तो वेष पालटून हिंडला. कैरवानचा सुभेदारही त्याच्या जिवावर उठला. शेवटीं आईच्या माहेरच्या बर्बर लोकांनीं त्यास आसरा दिला. या सर्व हालअपेष्टांत बद्र नांवाचा एक मुक्त केलेला गुलाम त्याच्याबरोबर होता. ७५४ मध्यें हाच बद्र धन्याचें पत्र घेऊन समुद्रापलीकडे स्पेनांत गेला. तेथें वसलेल्या सीरियन शिपायांत उमय्यांचे जुने आश्रित होते. त्यांची मनें वळवून त्यानें धन्यासाठीं वाट मोकळी केली.

७५५ मध्यें अब्दुर् रहमान स्पेनच्या किनाऱ्यावर उतरला. पुढील वर्षीं त्यानें कॉर्डोव्हाजवळ तेथील सत्ताधीश युसूफ याचा पराभव केला. जवळ निशाण नव्हतें, म्हणून भाल्यास फेटा बांधून त्याच्या सैन्यानें तो मिरविला, अशी आख्यायिका आहे. पराभूत युसूफच्या कुटुंबाची विटंबना मात्र त्यानें होऊं दिली नाहीं.

त्यानंतर त्यानें ३२ वर्षें राज्य केलें. ७६३ मध्यें बगदादच्या खलिफानें चिथावलेलें बंड त्यानें कार्मोना येथें मोडलें. खुद्द त्या शत्रूनें त्यास ससाण्याची उपमा दिली, असें सांगतात. ख्रिस्ती प्रजेवर कर होता, तथापि तिचीं उपासनामंदिरें चालूं राहिलीं. ७८५ च्या सुमारास त्यानें कॉर्डोव्हाच्या प्रसिद्ध मशिदीस आरंभ केला. तिच्या तांबड्यापांढऱ्या दुहेरी कमानी आजही उभ्या आहेत. १२३६ पासून ती वास्तु ख्रिस्ती मंदिर आहे. आपल्या बागेंत त्यानें सीरियाची आठवण म्हणून खजुरीचें झाड लाविलें व त्यावर कविताही केली.

येथेंच हें चरित्र संपविलें असतें तर तें केवळ स्तुतिस्तोत्र झालें असतें. परंतु सत्य सांगणें हें शिक्षकाचें कर्तव्य आहे. वैभव वाढलें तसा या पुरुषाचा संशयही वाढला. कट केल्याच्या आरोपावरून त्यानें सख्ख्या पुतण्यास देहान्त शिक्षा दिली. आणि तो बद्र? ज्यानें धन्याचें राज्य आपल्या खांद्यावर वाहून आणिलें, त्याच्यावर धन्याची इतराजी झाली. त्याची मालमत्ता जप्त झाली व त्यास दूर सरहद्दीवर हद्दपार करण्यांत आलें. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण आपणांकडे उगीच रूढ झालेली नाहीं. योसेफानें ज्याच्या स्वप्नाचा अर्थ सांगितला तो फारोचा प्यालेबरदारही सुटका होतांच त्यास विसरला, हें आमच्या वाचकांस आठवेल.

७८८ मध्यें अब्दुर् रहमान मरण पावला. त्याच्या वंशजानें ९२९ मध्यें खलिफापद धारण केलें, आणि १०३१ मध्यें तेंही राज्य फुटून गेलें. बगदादचें वैभव १२५८ मध्यें मोंगलांनीं धुळीस मिळविलें. साम्राज्यांची गति ही अशी आहे.

विद्यार्थिमित्रांनो, संकटाच्या परीक्षेंत हा तरुण पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाला. वैभवाच्या परीक्षेंत तो कमी पडला. तुम्हांपैकीं कित्येकांच्या शिक्षणासाठीं घरच्या माउलीनें अंगावरचे दागिने गहाण ठेविले असतील, एखाद्या थोरल्या भावानें आपली शाळा सोडली असेल. उद्यां तुम्ही मोठ्या पदावर चढाल. त्या दिवशीं आपला बद्र कोण, हें विसरूं नका. नदी पोहून जाण्यास धैर्य लागतें. पार झाल्यावर ज्यानें हात दिला त्यास जवळ बसविण्यास त्याहूनही मोठें मन लागतें. तें मन तुम्हांस लाभो, एवढीच आमची प्रार्थना आहे.