संथ चेंडूचा साधक : ख्रिस्टी मॅथ्यूसन

वेगवान गोलंदाज धावत येतो, हात नेहमीच्याच जोराने फिरवतो, पण चेंडू मात्र संथ येतो आणि फलंदाज फसतो. हे दृश्य क्रिकेटप्रेमी विद्यार्थ्यांस नवे नाही. अमेरिकेतील बेसबॉलच्या खेळातही ही विद्या आहे. तिला तेथे चेंज-अप म्हणतात. त्या विद्येच्या एका थोर साधकाचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटते.

बेसबॉलमध्ये चेंडूचा टप्पा पडत नाही. पिचर तो ६० फूट ६ इंचांवरून फेकतो आणि तो कसा येतो हे ओळखून बॅट फिरवण्यास फलंदाजापाशी जेमतेम अर्धा सेकंद असतो. म्हणून तो पिचरच्या हाताच्या वेगावरून चेंडूचा अंदाज बांधतो. चतुर पिचर अशा वेळी चेंडू बोटांच्या टोकांवर न धरता तळहातात खोलवर धरतो. हात वेगाने फिरतो, चेंडू रेंगाळतो आणि बॅट आधीच फिरून जाते. ऐकावयास हे सोपे आहे. परंतु चेंडू हळू टाकावयाचा असे मनात येताच हातही नकळत मंदावतो आणि सारे गुपित फुटते. ते लपविण्यासाठी फार दिवसांचा अभ्यास लागतो.

ख्रिस्टी मॅथ्यूसनचा जन्म १२ ऑगस्ट १८८० रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील फॅक्टरीव्हिल या लहानशा गावी झाला. बकनेल येथे तो उच्च शिक्षणासाठी गेला व तेथे फुटबॉलही उत्तम खेळला. १९०० साली न्यूयॉर्क जायंट्स संघाने त्याला बोलावले. संघाचा प्रमुख जॉर्ज डेव्हिस याने स्वतः बॅट हाती घेऊन त्याची परीक्षा पाहिली. ज्या मोठ्या वळणाच्या चेंडूचा मॅथ्यूसनला अभिमान होता, तो डेव्हिसने सहज टोलावला आणि सोडून देण्यास सांगितले. आणखी काही येते काय, असे विचारल्यावर मॅथ्यूसनने केवळ सरावात टाकून पाहिलेला एक विचित्र संथ चेंडू टाकला. डेव्हिस चुकला. त्याने तोच पुन्हा मागितला आणि तो पुन्हा चुकला. या चेंडूला पुढे फेडअवे, म्हणजे विरून जाणारा, असे नाव पडले. ही हकीकत मॅथ्यूसनने सांगितली आहे.

गुण होता, तरी यश लगेच आले नाही. त्या वर्षी जायंट्सतर्फे त्याला एकही विजय मिळाला नाही; तीन पराभव पदरी पडले आणि त्याची परत पाठवणी झाली. पुढच्याच वर्षी, १९०१ मध्ये, त्याने २० सामने जिंकले. १९०५ च्या वर्ल्ड सीरीजमध्ये तर सहा दिवसांत तीन सामने खेळून त्याने प्रतिपक्षास २७ इनिंग्जमध्ये एकही धाव करू दिली नाही.

फेडअवे टाकताना मनगट नेहमीच्या उलट, आतल्या बाजूस पिळावे लागे व हातावर फार ताण पडे. म्हणून मॅथ्यूसन तो चेंडू एका सामन्यात मोजक्याच वेळा, आणीबाणीच्या प्रसंगी वापरी. एरवी अचूक नेम आणि बदलता वेग यांवर तो भागवी. तो कधी येईल हे न कळल्यामुळे, न टाकलेल्या फेडअवेचीही फलंदाजांना धास्ती असे.

तरीही शरीराला मर्यादा असतेच. १९०८ साली त्याने ३७ विजय मिळविले आणि ३९० इनिंग्ज चेंडू फेकला. पण ८ ऑक्टोबरच्या निर्णायक सामन्यात शिकागोने त्याला ४–२ असे हरविले. १९१६ मध्ये त्याचा खेळ संपला, तेव्हा त्याच्या नावावर ३७३ विजय होते.

१९१८ साली महायुद्धात तो सैन्याच्या रासायनिक विभागात कॅप्टन म्हणून फ्रान्सला गेला. तेथे प्रशिक्षणात विषारी वायू त्याच्या फुफ्फुसांत गेला. पुढे क्षयाने गाठले. ज्याने आपला हात जपून वापरला, त्याला आता सॅरनॅक लेक येथील डोंगराळ प्रदेशात आपला श्वास जपून वापरावा लागला. जरा बरे वाटताच १९२३ साली त्याने बॉस्टन संघाचे अध्यक्षपद स्वीकारले. पण ७ ऑक्टोबर १९२५ रोजी, अवघ्या ४५ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. १९३६ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये जे पहिले पाच खेळाडू निवडले गेले, त्यांत तो एक होता.

आज चेंज-अप बहुतेक पिचर शिकतात. फेडअवेच्या वाटेला मात्र क्वचितच कोणी जातो. विद्यार्थिमित्रांनो, बळ दाखविण्यास फारसे शिकावे लागत नाही. ते अंगी असूनही राखून ठेवणे आणि नेमक्या घटकेस तितकेच खर्च करणे, हे शिकण्यास मॅथ्यूसनसारखी वर्षे वेचावी लागतात.