दिनकर केळकर: घरातल्या साध्या वस्तू जपणारा माणूस आणि आपल्या हातातला मोबाईल

माझं गाव माकणी, धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात, तेरणेच्या काठावर. आईचं माहेर जवळच, सास्तूरला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आजीच्या घराचं माळवद खाली आलं. ढिगारा उपसल्यावर वापरण्याजोगा सापडला तो एक पितळी आडकित्ता. समया, तांब्याचा हंडा, कोरीव दाराची चौकट, सगळं गेलं. त्यातल्या एकाही वस्तूचा फोटो आमच्याकडे नाही.

इंजिनिअरिंगला असताना पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पहिल्यांदा गेले. तिथे काचेमागे आडकित्ते मांडलेले बघितले आणि थबकलेच. आमच्या घरी फडताळात पडलेली वस्तू इथे संग्रहालयात? मग ही वस्तू इथे आणणारा माणूस कोण, हे शोधायला लागले.

संग्रहालयाच्या नावातला राजा कोण?

अनेकांना वाटतं, राजा ही पदवी असावी. तसं नाही. दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. लोक त्यांना काकासाहेब म्हणायचे. अज्ञातवासी या टोपणनावाने ते कविता लिहीत. पुण्यात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. साधारण १९२० पासून त्यांना जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला. पुढे त्यांचा मुलगा राजा वयाच्या सातव्या वर्षीच गेला. संग्रहालयाला नाव दिलं आहे ते या मुलाचं.

काकासाहेबांनी जमवलं काय? दिवे, आडकित्ते, पाय घासायच्या वजऱ्या, फण्या, दौती, हुक्के, स्वयंपाकघरातली भांडी, वाद्यं, कोरीव दारं. तलवारी आणि मूर्ती जपायला हव्यात हे कुणालाही पटतं, पण घरातली वजरी झिजली की मोडीत जाते. नेमक्या अशाच वस्तूंसाठी हा माणूस भारतभर फिरला. पदरचे पैसे घातले. पत्नी कमलाबाईंची या कामात शेवटपर्यंत साथ होती. कोथरूडच्या मस्तानीच्या महालाचे अवशेषही त्यांनी आणले आणि संग्रहालयात तो महाल पुन्हा उभा केला.

१९६० पर्यंत संग्रह सुमारे १५,००० वस्तूंचा झाला होता. १९७५ मध्ये त्यांनी तो सगळा महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. १९८० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १७ एप्रिल १९९० रोजी ते गेले. त्यानंतर साडेतीन वर्षांतच आमच्याकडचा भूकंप झाला.

आठातली एकच वस्तू दिसते

आज या संग्रहात २०,००० हून अधिक वस्तू आहेत, पण एका वेळी मांडलेल्या असतात साधारण २,५००. म्हणजे तिकीट काढून गेलात तरी आठातली एकच वस्तू दिसते. जगभरच्या बहुतेक मोठ्या संग्रहालयांचं असंच असतं, कारण जागा मर्यादित. डिजिटल रूपाचा पहिला फायदा इथेच आहे: कोठीतली वस्तू माकणीत बसून बघता येते.

यासाठी पुण्याच्या सी-डॅकने जतन नावाची प्रणाली बनवली आहे. दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय, हैदराबादचं सालारजंग अशा संग्रहालयांतल्या वस्तूंच्या नोंदी तिच्यामार्फत इंटरनेटवर आल्या आहेत.

हे होतं कसं?

मी आमच्या आडकित्त्यावर प्रयोग केला. पद्धतीचं नाव फोटोग्रामेट्री. वस्तूभोवती फिरत साठ-सत्तर फोटो काढायचे. प्रत्येक फोटोचा निम्म्याहून जास्त भाग आधीच्या फोटोतही आला पाहिजे. सॉफ्टवेअर सगळ्या फोटोंमधले सारखे बिंदू शोधतं, त्यावरून कॅमेरा कुठे होता याचं गणित मांडतं आणि त्रिमितीय आकृती तयार करतं. शेजारी मोजपट्टी ठेवायची, म्हणजे खरं मापही कळतं.

पहिला प्रयत्न फसला. पितळ चकाकतं, कॅमेरा हलला की चकाकीही हलते आणि सॉफ्टवेअर गोंधळतं. दुसऱ्यांदा सावलीत, पांढऱ्या पडद्यातून येणाऱ्या उजेडात फोटो काढले, तेव्हा जमलं.

फाईल झाली की काम संपत नाही. मूळ फोटो टिफमध्ये ठेवायचा, कारण जेपेगमध्ये आकार कमी करताना तपशील कायमचा जातो. जेपेग फक्त वेबसाईटसाठी. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. हा शेवटचा नियम आमच्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. शिवाय प्रत्येक फाईलचा चेकसम काढून ठेवायचा. हा फाईलच्या मजकुरावरून काढलेला आकडा. पुढे कधी तो बदललेला दिसला, तर फाईल बिघडली किंवा बदलली हे लगेच कळतं.

फोटोपेक्षा महत्त्वाचं

एवढं करून मी आजीला पडद्यावर आडकित्ता फिरवून दाखवला. ती म्हणाली की हा तिच्या आईचा, लग्नात आलेला. एका बाजूची मूठ जास्त झिजली आहे, कारण आई डावखुरी होती. यातलं काहीच साठ-सत्तर फोटोंमध्ये नव्हतं.

म्हणून वस्तूबरोबरची नोंद, म्हणजे मेटाडेटा, हेच निम्मं जतन आहे. नाव काय, कुठली, कुणाची, वापर कसा, ही माहिती कुणी आणि कधी सांगितली. आणि नाव आपल्या भाषेतलं हवं. वजरीची नोंद फक्त इंग्रजीत असेल, तर वजरी असं टाईप करून शोधणाऱ्या माणसाला ती सापडणारच नाही.

आमच्याच तेरणेच्या काठी, तेरला, रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या प्राचीन वस्तूंचं संग्रहालय आहे. तिथे जरूर जा. पण त्याआधी घरातलं फडताळ उघडा. काकासाहेबांना एकेका वस्तूसाठी गावोगाव फिरावं लागलं. आपल्याला फक्त मोबाईल घेऊन आजीशेजारी बसायचं आहे. फोटो उद्याही काढता येईल, तिचं बोलणं मात्र आजच रेकॉर्ड करा.