फादर स्टीफन्स आणि साष्टीचं पुराण

आजचे वाचन: प्रेषितांची कृत्ये 2:1-11

पन्नासाव्या दिवशी यरुशलेमात देशोदेशीची माणसं जमली होती आणि प्रत्येकाला देवाची महत्कृत्ये स्वतःच्या भाषेत ऐकू आली. हा उतारा आला की मला गोव्यातले फादर थॉमस स्टीफन्स आठवतात.

स्टीफन्स मूळचे इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्याचे. येशूसंघात दाखल झाले, 1579 च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून जहाजात बसले आणि ऑक्टोबरात गोव्याला उतरले. ते परत गेलेच नाहीत. 1619 साली वारले, तोवरची चाळीस वर्षं गोव्यात, त्यातली बरीचशी साष्टीत. 1583 मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळवलं, की इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनशी जुळते. विल्यम जोन्सच्या आधी दोनशे वर्षं!

त्या काळातली साष्टी मात्र दुखावलेली होती. 1567 मध्ये तिथली देवळं पाडली गेली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी आली होती. ओवी ऐकत वाढलेल्या माणसांच्या कानांना एकाएकी काहीच उरलं नाही. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनी पाद्रींपुढे गाऱ्हाणं घातलं, की आमची पुराणं वर्ज्य केलीत, मग त्या जागी दुसरं काही का देत नाही? हे गाऱ्हाणं स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच घातलं आहे. मला त्यांचा मोठेपणा तिथे दिसतो. पोथ्या हिरावणारी सत्ता आणि हे पाद्री एकाच बाजूचे होते, हे झाकायचं कारण नाही. पण ओवीची गोडी म्हणजे पाप, असं त्यांनी मानलं नाही.

म्हणून झालं 'ख्रिस्तपुराण'. जवळजवळ अकरा हजार ओव्या. पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात प्रभू येशूचं चरित्र. स्वर्गाला चक्क वैकुंठ म्हटलंय! भाषा ग्रांथिक मराठी, मधूनमधून कोकणी शब्द. (कोकणीचं व्याकरणही त्यांनी लिहिलं, ते 1640 मध्ये, त्यांच्या मागे, रायतूरला छापलं गेलं.) देवनागरी खिळे नव्हते म्हणून 1616 मध्ये पुराण रोमन अक्षरांत छापलं. पुढे 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा. देवळात रविवारी ते वाचलं जाई.

मग 1684 साली पोर्तुगीज विजरईने लोकांची बोलीच बंद करण्याचा हुकूम काढला. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. ग्रंथ तगला तो हाताने उतरवून घेणाऱ्यांमुळे. गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती घरांत अशा वह्या पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या. तसल्या हस्तलिखितांवरूनच जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला. देवनागरीतली शांताराम बंडेलूंची प्रत 1956 ची. जुन्या ग्रंथालयात विचारा, मिळाली तर दुसऱ्या पुराणातला एखादा प्रसंग घरात मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचायला ती अवघड जाते.