लक्ष्मीबाई आणि पाण्याचा तांब्या

उन्हाळ्यात वडूजकडच्या वाड्यावस्त्यांवर टँकर आला की हंडे-कळश्यांची रांग लागते. पाण्याचं मोल आपल्या खटाव-माणच्या बायकांना कुणी शिकवायला नको. पूर्वी कुणाच्या हातचं पाणी चालायचं आणि कुणाच्या हातचं नाही, हेही आपण आजीकडून ऐकलेलं आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रश्न असाच पाण्यापाशी येऊन थांबला होता.

नाशिकजवळच्या जलालपूरची ही गोखल्यांची मनू. जन्म 1868 चा. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की घरातल्यांचा जीव धुण्याधुण्यात जायचा. 1880 मध्ये लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी. नवरा कवी, बुद्धिमान आणि भलताच तऱ्हेवाईक. कधी घर सोडून जाईल याचा नेम नाही. अक्षरं मात्र त्यांनीच बायकोला शिकवली.

पुढे आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या माणसाने टिळकांना बायबलचा नवा करार दिला. त्यातलं डोंगरावरचं प्रवचन वाचून ते भारावून गेले. शत्रूवरही प्रेम करा, ही शिकवण त्यांच्या मनाने घेतली. देव एकच आणि तो सगळ्यांचा बाप. त्याचा पुत्र येशू माणसांच्या पापांसाठी क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. विश्वास ठेवणाऱ्याला क्षमा मिळते, ही ख्रिस्ती श्रद्धेची मूळ गोष्ट. हा धर्म भारतात नवा नव्हता. संत थॉमस पहिल्या शतकातच केरळात आला, असं तिथले ख्रिस्ती मानतात. आपल्याकडे अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये नगरला आले. त्याच मिशनमध्ये, 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

आणि बायको? तिच्यावर तर आकाशच कोसळलं. पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. चार-साडेचार वर्षं ती नातेवाइकांच्या आधाराने राहिली, पंढरपुरातही राहिली. शेवटी नगरला नवऱ्याकडे गेली खरी, पण चूल वेगळी आणि पाणीही वेगळं! टिळकांनी जबरदस्ती केली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

मग एके दिवशी बाईंच्या मनात आलं, की जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती, तर जनावरांत दिसतो तसा काही फरक त्याने माणसांतही ठेवला असता. जन्म आणि मरण सगळ्यांचं सारखंच. झालं! त्या दिवसापासून त्या कुणाच्याही हातचं पाणी प्यायल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 च्या सुमाराचा. नवऱ्यामागून बायको गेली, असं लोक सहज म्हणून जातात. मला ते पटत नाही. तांब्या त्यांनी स्वतःच्या विचाराने उचलला.

टिळक 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला आले, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. तिथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांतच, 1919 मध्ये, टिळक मुंबईत वारले.

लक्ष्मीबाईंनी मग मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन म्हणून काम केलं. काही काळ त्या मुलाबरोबर कराचीलाही राहिल्या. ख्रिस्ताची कीर्तनं करायला उभ्या राहिल्या, तीही आपल्या जुन्या पद्धतीनेच. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य थोडंच लिहून झालं होतं, उरलेलं बाईंनी लिहिलं. जोडाक्षरं लिहिताना अडखळणाऱ्या बाईने!

‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागाने छापून आलं. स्वतःची फजिती सांगताना बाई इतक्या हसवतात, की आपण पदर तोंडाला लावतो. 24 फेब्रुवारी 1936 ला नाशिकला त्या गेल्या, तेव्हा पुस्तक पुरं झालेलं नव्हतं. राहिलेली हकीगत दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी लिहिली.