हायडन यांच्या हातातील रोझरी

व्हिएन्ना शहराच्या वेशीबाहेर गुम्पेनडोर्फ नावाचे उपनगर होते. थंडी सरून दिवस उबदार झाले, की तिथल्या एका घरातले वयस्कर गृहस्थ सकाळी साडेसहाला उठत. स्वतःची दाढी स्वतः करीत. कपडे घालत असताना एखादा शिष्य आला, तर त्याला पियानोवर धडा वाजवायला सांगत आणि चुका दाखवत. आठ वाजता न्याहारी होई. मग ते स्वतः पियानोपाशी बसत आणि मनासारखी सुरावट सापडेपर्यंत वाजवत राहत. सापडली, की तिचे टाचण कागदावर उतरवीत.

हे गृहस्थ म्हणजे जगप्रसिद्ध संगीतकार जोसेफ हायडन.

साडेअकरापर्यंत हे काम चाले. मग भेटीगाठी किंवा फेरफटका. दोनला जेवण. चार वाजता सकाळचे टाचण पुन्हा हाती घेऊन कोणत्या वाद्याने काय वाजवायचे, हे ते तीन-चार तास बसून लिहीत. रात्री दहाला थोडा पाव आणि द्राक्षारस, साडेअकराला झोप. कलावंत लहरी असतो असे आपण ऐकतो. पण हायडन यांचा दिवस एखाद्या कष्टकरी माणसासारखा बांधलेला होता.

ही शिस्त त्यांना घरातूनच मिळाली होती. ३१ मार्च १७३२ रोजी ऑस्ट्रियातील रोराऊ या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील गाड्यांची चाके बनवीत. आई लग्नापूर्वी तिथल्या सरदाराच्या वाड्यात स्वयंपाकीण होती. वडिलांना स्वरलिपी वाचता येत नसे, तरी ते हार्प वाजवीत आणि घरची मंडळी गात. मुलाने धर्मगुरू व्हावे अशी आईची इच्छा होती. पण त्याचा गोड आवाज पाहून नात्यातल्या एका शिक्षकाने त्याला सहाव्या वर्षाच्या सुमारास शिकायला नेले. पुढे १७४० मध्ये तो व्हिएन्नाच्या संत स्टीफन कॅथेड्रलच्या गायकवृंदात दाखल झाला. १७४९ मध्ये आवाज फुटला आणि त्याला तिथून काढून टाकण्यात आले. खिशात पैसा नाही, राहायला माळ्यावरची गळकी खोली, जवळ एक जुने, किडलेले क्लॅव्हियर. तरीही त्या दिवसांत आपल्याला राजाचाही हेवा वाटत नव्हता, असे हायडन पुढे सांगत.

१ मे १७६१ रोजी त्यांना एस्टरहाझी या राजघराण्यात नोकरी मिळाली. अंगावर नोकराचा गणवेश असे. दररोज दुपारच्या आधी आणि नंतर दिवाणखान्याबाहेर हजर राहून आज कोणते संगीत हवे, याचा हुकूम घ्यावा लागे. जवळजवळ तीस वर्षे त्यांनी ही चाकरी प्रामाणिकपणे केली. संसारात मात्र सुख नव्हते. मूलबाळही झाले नाही. तरी आपल्या रचनांच्या हस्तलिखितांवर ते आरंभी प्रभूचे नाव आणि अखेरीस देवाची स्तुती लॅटिनमध्ये लिहीत.

लंडनच्या दुसऱ्या दौऱ्याहून १७९५ मध्ये परतताना त्यांनी एक मोठे काम बरोबर आणले. उत्पत्तीचे पुस्तक, स्तोत्रे आणि मिल्टनचे महाकाव्य यांवर आधारलेली ही संगीतरचना होती. तिचे नाव ‘सृष्टीची निर्मिती’. १७९६ ते १७९८ या काळात ते तिच्यावर खपले. वय साठीच्या पुढे गेले होते. इतके भक्तिमय आपण कधीच नव्हतो, असे त्यांनी नंतर सांगितले. दररोज गुडघे टेकून ते या कामासाठी बळ मागत. आणि सुरावट सुचेनाशी झाली, की उठून हातात रोझरी घेत, खोलीत येरझाऱ्या घालत काही ‘नमो मरिया’ म्हणत. मग पुन्हा कामाला बसत, आणि कल्पना परत येत.

३० एप्रिल १७९८ रोजी, ऐन वसंतात, श्वार्झेनबर्ग राजवाड्यात ही रचना प्रथम सादर झाली. अंधारातून प्रकाश निर्माण होतो त्या क्षणी हळू आवाजात गाणारा गायकवृंद आणि सगळी वाद्ये एकदम पूर्ण ताकदीने उसळतात. ऐकणारे भारावून गेले. सर्व लोकांसाठी पहिला प्रयोग १९ मार्च १७९९ रोजी झाला. हा संत जोसेफचा, म्हणजे हायडन यांच्या नामसंताचा सण!

२४ एप्रिल १८०१ रोजी ‘ऋतू’ ही त्यांची पुढची मोठी रचना सादर झाली. तिच्या वसंताच्या भागात शेतकरी शीळ घालीत नांगरतो. त्या शिळेला हायडन यांनी आपल्याच एका सिंफनीची प्रसिद्ध धून दिली. चाके बनवणाऱ्याच्या मुलाला कष्टाचे मोल ठाऊक होते. पण या रचनेने आपले कंबरडे मोडले, असे ते म्हणत. १८०२ मध्ये त्यांनी अखेरची मिस्सा रचली. त्यानंतर सुरू केलेली एक रचना अर्धवटच राहिली. सूर मनात येत, पण बसून लिहिण्याचे त्राण शरीरात नव्हते. आयुष्यभर रोज काम केलेल्या माणसाला ही केवढी परीक्षा! आपली शक्ती संपली आहे, हे सांगणारी भेटपत्रे त्यांनी छापून घेतली होती.

२७ मार्च १८०८ रोजी, शहात्तराव्या वाढदिवसाच्या चार दिवस आधी, व्हिएन्ना विद्यापीठाच्या सभागृहात ‘सृष्टीची निर्मिती’ पुन्हा सादर झाली. हायडन यांना खुर्चीत बसवून आत आणले. बेथोव्हेनही आले होते. प्रकाशाचा तो क्षण येताच टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हाताऱ्या हायडन यांनी थरथरता हात वर केला आणि हे माझे नाही, वरून आले आहे, असे सुचवले. थकवा आणि भावना अनावर झाल्याने मध्यंतरातच त्यांना घरी न्यावे लागले.

पुढच्या वसंतात, मे १८०९ मध्ये, नेपोलियनच्या सैन्याने व्हिएन्नावर तोफा डागल्या. गोळे त्यांच्या घराजवळ पडले. स्वतः कापत असतानाही ते घरच्या नोकरचाकरांना धीर देत होते. काही दिवसांनी एक फ्रेंच अधिकारी भेटीला आला आणि त्याने ‘सृष्टीची निर्मिती’मधील एक गीत त्यांना गाऊन दाखवले. शत्रूच्या सैन्यातला तो तरुण. पण हायडन यांनी त्याला मिठी मारली. ३१ मे १८०९ रोजी मध्यरात्रीनंतर त्यांनी देह ठेवला.

अभ्यास असो, घरकाम असो वा गायकवृंदाची तालीम, एखाद्या दिवशी आपल्याही हातून काही केल्या काम पुढे सरकत नाही. अशा वेळी हायडन यांची ती खोली आठवावी. ते उठत, रोझरी हाती घेत, चार फेऱ्या मारत आणि पुन्हा कामाला बसत.